बावन्न ठोके

तानूबाई दंडग्यांच्या उजव्या पायाचा अंगठा ठोका पडायच्या किंचित आधी जमिनीला टेकायचा. मग टाच पडायची. दोन्हींमधला वेळ माझ्या स्टॉपवॉचवर पकडता येण्याइतका नव्हता, पण डोळ्यांना दिसायचा. अकरा आठवडे मी तो अंगठा पाहत होते. त्या शनिवारी सकाळी, नाट्यगृहाच्या रंगमंचावर, तो पहिल्यांदा अडखळला. जाजमावर टेकला, उचलला, थोडा पुढे सरकून पुन्हा टेकला.

"थांबा," दिनकर उरुणकर खालच्या खुर्च्यांमधून म्हणाले. "मावशी, परत पुढं पळालीस."

तानूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "परत घेऊ," त्या म्हणाल्या.

परत घेतलं. परत तसंच झालं.

ते १९९४ साल होतं. मी इचलकरंजीच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि उरलेला वेळ 'धोटा' या नाट्यमंडळीला देत होते. ही मंडळी दिनकरांची. तरुणपणी ते मागाच्या शेडमध्ये वहिफणीचं काम करायचे, एकेक धागा फणीतून ओवून घ्यायचं. मग बाहेर जाऊन नाटक शिकले आणि परत आले. मागावर काम करताना हातपाय जसे हलतात त्या हालचाली, हलगी आणि मागांचा आवाज, एवढ्यावर ते नाटक बसवत. संवाद जवळजवळ नसायचे. काम करणारी माणसंच नट असत, आणि नाटकाच्या जोडीला त्यांच्यासाठी अक्षरवर्ग, आरोग्य तपासणी असं काही ना काही चालू असे. मला त्यांनी बोलावलं होतं मागांचा आवाज नीट ध्वनिमुद्रित करून द्यायला. काम आठ दिवसांचं होतं. मी चार वर्षं तिथेच होते.

'कांडी' हे आमचं तोवरचं सर्वांत मोठं नाटक. कापड विणताना मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायची सुताची नळी म्हणजे कांडी. ती भरायचं काम शेडमध्ये बायका करतात. नाटकात अशा सहा बायका होत्या, हलगीवर परसूमामा होते आणि माझ्या टेपवर चाळीस मागांचा आवाज होता. नाटकाच्या मधोमध टेप एकदम बंद व्हायची, हलगीही थांबायची, आणि पुढचे बावन्न ठोके बायका फक्त पायांनी द्यायच्या. बारा पायांचा मिळून एकच आवाज यायला हवा होता. पाचजणी मागे ओळीत, आणि त्यांच्याकडे पाठ करून सगळ्यांच्या पुढे तानूबाई. एका बंद पडलेल्या शेडमध्ये आमच्या तालमी चालत. तिथे त्यांचं पाऊल एकदाही चुकलं नव्हतं, म्हणूनच दिनकरांनी त्यांना पुढे उभं केलं होतं.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. सोमवारी सकाळी त्याच नाट्यगृहाच्या व्हरांड्यात कान तपासणीचं शिबिर होतं. शेडमधला आवाज मी मोजला होता. इतक्या आवाजात आठ तास कोणी उभं राहू नये. मिरजेहून डॉक्टर पाटणकरबाई याआधी दोनदा आपलं यंत्र घेऊन आल्या होत्या आणि दोन्ही वेळा रिकाम्या बाकासमोर बसून परत गेल्या होत्या. बायका म्हणायच्या, दिवाळी होऊ दे, लग्नसराई होऊ दे. तानूबाईंना मी दोन वर्षांत पाच वेळा विचारलं होतं. "बघू," एवढंच त्या म्हणायच्या. 'कांडी' बसवण्यामागे हेही एक कारण होतं. नाटक बघून एक जरी बाई तपासणीच्या खुर्चीवर बसली, तरी तिच्यामागे बाकीच्या येतील, असा दिनकरांचा हिशेब.

"मॅडम," दिनकरांनी मला खालून हाक मारली. "कितव्या ठोक्याला सुटली?"

मी वही बघितली. "आता चौदाव्या. आधी अकराव्या. त्याच्या आधी सोळाव्या."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या बरोबर आहेत. त्यांना तानूबाई ओढून नेतात."

"शेडमध्ये असं कधी झालं होतं?"

"नाही."

"शेडमधलं राहू दे. उद्या लोक काय शेडमध्ये बसणार नाहीत." ते उठून रंगमंचाजवळ आले. "केतकी, तू पुढं ये. मावशी, तू मागच्या ओळीत जा. जुबेदाच्या शेजारी."

केतकी कोल्हापूरची, नृत्य शिकलेली. बायकांचा व्यायाम घ्यायची. तिला नाटकातलं प्रत्येक पाऊल पाठ होतं. "मला नको, दिनूदा," ती म्हणाली.

"तुला विचारलेलं नाही."

"मग आमी बी मागंच जातो की," जुबेदा मुल्लाणी म्हणाली. "सगळ्याच मागं. पुढं पडदा नाचंल एकटा."

कोणी हसलं नाही. तानूबाई एवढ्या वेळात दिनकरांकडे आणि मग केतकीकडे बघत होत्या. केतकी पुढे सरकली तेव्हा त्यांना उलगडलं असावं. "बरं," त्या म्हणाल्या, विंगेत ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि मागच्या दाराने निघून गेल्या.

मी आकडे दिले होते, आणि ते खरे होते. तरी मला बसवेना.

रंगमंचामागे खाली रंगपटात उतरायला फळ्यांचा जिना होता. तानूबाई मधल्या पायरीवर पाठमोऱ्या बसून वेणी सोडत होत्या. केसांत मुळाशी सुताचं पांढरं तूस अडकलेलं होतं. शेडमधून सरळ तालमीला आलं की ते तसंच राहायचं.

"तानूबाई," मी वरून म्हटलं.

त्यांनी मागे बघितलं नाही.

"तानूबाई, चहा सांगू का?"

रागावल्या असतील, आणि रागावणं बरोबरच होतं, असं मला वाटलं. मी वळणार, तेवढ्यात मागून जुबेदा आली आणि हातातल्या चपला तिने वरच्या पायरीवर टाकल्या. तानूबाई लगेच वळल्या. आधी चपलांकडे बघितलं, मग जुबेदाच्या चेहऱ्याकडे.

"जुबेदा, तीन चहा सांगून येतेस?" मी म्हटलं.

ती गेली. एका निरीक्षणावर भरवसा ठेवायची मला सवय नाही. तानूबाई पुन्हा पाठमोऱ्या होऊन केस विंचरू लागल्या तेव्हा मी तिथूनच, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात त्यांचं नाव घेतलं. काही नाही. मग टाचेने फळीवर हलकेच ठोकलं.

"काय बाई?" त्या वळून म्हणाल्या.

मला स्वतःची लाज वाटली. मी खाली उतरून त्यांच्या समोरच्या पायरीवर बसले, माझं तोंड त्यांना दिसेल अशी.

"कधीपासून?"

"कशाचं कदीपासनं?"

मी नुसता कानाला हात लावला.

त्यांनी वर दाराकडे बघितलं. "जुबी कुटाय?"

"चहा सांगायला गेलीये."

त्यांनी कंगवा पिशवीत टाकला. "डावा गेला त्याला लई वर्सं झाली. धाकटा पाळण्यात हुता. उजवा दोन वर्सांमागं. शेडमदी काय कान लागतोय व्हय? सगळी व्हटाकडं बघूनच बोलत्यात. तितं कुनाला ऐकाय येतं आन् कुनाला न्हाई, कोन सांगनार?"

हे खरं होतं. मागांच्या आवाजात कोणीच कानाने बोलत नाही. ओठ आणि हात. अकरा आठवडे मी त्या बाईकडे बारकाईने बघत होते आणि मला कळलं नव्हतं, कारण शेडमधल्या सगळ्याच बायका समोरच्याच्या तोंडाकडे बघतात.

"परवा पाटणकरबाई येणार आहेत."

"ठावं हाय."

"मग?"

"मग काय? मुकादमाला कळलं तर घरी बसवंल. मागल्या साली सुशीला पवारनीला बसवली. पट्टा तुटला, समदी वराडली, तिला ऐकायच आलं न्हाई. हात जायाचा वाचला. मुकादमाची चूक हाय का? न्हाई. पर घरात बसून काय करू मी? सुनंनं टीव्ही केवढा मोटा केलाय म्हनून बोलाय लागायचं आन् मी तिच्या तोंडाकडं बगत बसायचं." त्यांनी पिशवीचा बंद आवळला. "तीस वर्सं मशिनीच्या मागं उभी हाय, बाई. मला पुढं कोन उभं केलं न्हवतं. सांगलीसनं लेक येनार हाय उद्या बगायला. तिला कळीवलंय मी, सगळ्यांच्या पुढं असतो म्हनून."

तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना अशाच येतो, जातो, असतो म्हणतात.

"पाऊल कसं चुकलं मग? शेडमध्ये तर चुकत नव्हतं."

"चुकतंय कुटं? शेडमदल्या फरश्या पोकळ हाईत. पोरींनी पाय टाकला की माज्या टाचंत येतं. हितं काय घातलंय कुनास ठावं. गादीवर उभं राहिल्यावानी वाटतंय. खालनं काय वर येतच न्हाई."

मी वर रंगमंचाकडे बघितलं.

ते मी घातलं होतं. शुक्रवारी पहिल्यांदा या रंगमंचावर पावलं पडली तेव्हा फळ्या ढोलासारख्या गरजल्या आणि पहिल्या भागातला माझ्या टेपचा आवाज त्यात बुडाला. मी टेपरेकॉर्डरची सुई बघून दोन्ही आवाज मोजले. सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगच्या कारखान्यातून जुना, जाड लोकरी नमदा मागून आणला, तो फळ्यांवर पसरला, वर जाजम घालून कडेने खिळे ठोकले, आणि पुन्हा मोजलं. पावलांचा आवाज निम्म्याहून खाली आला होता. तो उपाय सुचल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. रात्री घरी आईला आकृती काढून दाखवली होती.

"कुनाला सांगू नगासा," तानूबाई म्हणाल्या.

"दिनकरांना तरी?"

"कुनाला म्हंजे कुनालाच न्हाई."

मी शब्द दिला.

दिनकर रंगमंचावर केतकीला जागा दाखवत होते. केतकी बरोबर होती, प्रत्येक ठोक्याला. चेहरा मात्र शिक्षा भोगत असल्यासारखा.

"दिनकर, जाजम काढायचंय," मी म्हटलं. "नमदासुद्धा."

"का?"

"माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "काय चुकलं? काल तर तुम्ही मला वही दाखवत होता. निम्म्याच्या खाली आणला म्हणून."

"आकडे बरोबर आहेत. घालायला नको होतं."

"पण का?"

"ते सांगणार नाही."

जुबेदा चहाचे ग्लास घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. दिनकर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, चार वर्षांत तुम्ही कारण न सांगता चहात साखर घातली नाही."

"एकदा करून बघा. जाजम काढायचं, तानूबाई पुढे, बावन्न ठोके. चुकल्या तर केतकी. मग मी एक शब्द बोलणार नाही."

"आणि तुमची टेप? पावलांत बुडणार ती."

"बुडू दे."

"चार महिने त्या आवाजापायी तुम्ही शेडमध्ये वायरी घेऊन फिरत होता."

"दिनकर, बुडू दे."

त्यांनी वाकून जाजमाची कड चाचपली. मग म्हणाले, "चारी बाजूंनी खिळे आहेत. जेवायच्या आधी निघणार नाहीत."

"मी काढते."

पक्कड माझ्या पेटीत होती. एका बाजूने मी खिळे उपसत गेले, दुसऱ्या बाजूने केतकी स्क्रूड्रायव्हरने. जुबेदा आणि परसूमामा मागून जाजम गुंडाळत आले. "कालच ठोकत हुत्या," जुबेदा परसूमामांना म्हणाली. "शिकलेल्या बायकांस्नी घरात काय काम नसतंय." मामा म्हणाले, "तू वड गं नीट." नमद्याखालून फळ्या उघड्या पडल्या तेव्हा माझ्या बोटांना दोन फोड आले होते.

तानूबाई विंगेत उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून, ओठ स्पष्ट हलवून, आवाज न काढता म्हटलं, "पुढे जा." त्या गेल्या.

टेप सुरू झाली. मग बंद झाली. हलगी थांबली. मी विंगेत जमिनीवर बसले आणि तळहात फळीवर टेकवला. तानूबाईंचा अंगठा खाली आला. थांबला नाही, चाचपडला नाही. पहिला ठोका फळीतून माझ्या कोपरापर्यंत आला. दगडी फरशीपेक्षा लाकूड किती जास्त देतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला तेव्हा कळलं. अकरा, चौदा, सोळा गेले. तीस गेले. बावन्नाव्या ठोक्याला सहा टाचा एकदम पडल्या आणि थांबल्या, आणि वर छतात बसलेली कबुतरं उडाली.

दिनकरांनी मला आकडा विचारला नाही. कारणही विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

"मावशी," केतकी म्हणाली, "तुमची जागा तुम्ही सांभाळा बाई. मला जेवायला सोडा."

रविवारी नाट्यगृह भरलं. कांडीवाल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून, पोरं मांडीवर घेऊन आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत तानूबाईंच्या शेडचे मुकादम, धुतलेला सदरा घालून. त्यांच्या मागे तानूबाईंची लेक. लोकांना बसायला जागा करून देता देता पडदा वीस मिनिटं उशिरा उघडला. तेवढ्याने काय बिघडणार आहे, असं मला वाटलं होतं.

टेप बंद झाली तेव्हा प्रेक्षकांत कोणी खोकलंसुद्धा नाही. माग थांबल्याची शांतता त्या बायकांना माहीत होती. वीज गेली की शेडमध्ये अशीच होते. मी विंगेत फळीवर हात ठेवून मोजत होते. वीस. पंचवीस. तीस.

एकतिसाव्या ठोक्याला सूतगिरणीचा पाळी बदलायचा चारचा भोंगा झाला.

तो आवाज त्या गावात कोणी नुसता ऐकत नाही, पाय आपोआप उचलले जातात. खुर्च्यांतल्या अर्ध्या बायका जागच्या हलल्या. रंगमंचावर मागच्या ओळीत जुबेदाचं पाऊल अर्धा ठोका मागे राहिलं, तिच्या शेजारणीचं पुढे गेलं, आणि माझ्या हाताखालचा एक आवाज फुटून चार-पाच आवाज झाले. भोंगा चालूच होता. पाचजणींच्या चेहऱ्यांवर मला दिसत होतं की आता सगळं सुटणार.

तानूबाईंचा चेहरा बदलला नव्हता. त्यांच्यासाठी भोंगा झालाच नव्हता. फक्त टाचेखाली काहीतरी विस्कटलं होतं. बत्तिसावा ठोका त्यांनी होता तिथेच टाकला, पण जोरात. तेहतिसावा त्याहून जोरात. चौतिसावा. फळी माझ्या तळहाताला चापट मारल्यासारखी लागली. छत्तिसाव्याला जुबेदा परत आली, सदतिसाव्याला बाकीच्या. भोंगा थांबला तेव्हा बारा पायांचा पुन्हा एकच आवाज होता, आणि तो बावन्नपर्यंत तसाच गेला.

मी कितीतरी प्रयोगशाळांमध्ये काम केलं, नंतर परदेशातही. इतकं अचूक काही माझ्या हाताखाली पुन्हा आलं नाही.

नाटक संपलं. टाळ्या तानूबाईंना दिसल्या. त्यांनी दोन्ही हात जोडले. ओळीत उभ्या असतानाच जुबेदाने त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं आणि काहीतरी सांगितलं. तानूबाईंनी तिला परत सांगायला लावलं. मग त्या हसल्या. आधी थोडं, मग तोंडाला पदर लावून.

दिनकरांनी पाटणकरबाईंना वर बोलावलं. त्या साधं बोलल्या. "उद्या सकाळी नऊ वाजता, इथेच व्हरांड्यात. सुई नाही, औषध नाही. पाच मिनिटं खुर्चीत बसायचं. कोण कोण येणार, आत्ताच सांगा, म्हणजे मी नावं लिहून घेते." त्यांनी वही उघडली.

ती शांतता मी याआधी दोनदा ऐकली होती. बायका मांडीवरच्या पोरांचे केस सारखे करू लागल्या. एकीने गजरा काढून पुन्हा माळला. मुकादमांनी घड्याळ बघितलं. दिनकरांनी माईक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला.

तानूबाई पुढे आल्या. पाटणकरबाईंचे ओठ त्यांनी पूर्ण वाचले होते. दिनकरांनी माईक पुढे केला तो त्यांनी हाताने बाजूला सारला. शेडमध्ये बोलायची सवय असलेल्या बाईला माईक लागत नाही.

"मुकादम," त्या म्हणाल्या, "मगाशी भोंगा झाला म्हनं?"

खुर्च्यांत कोणीतरी हसलं. मुकादम अर्धवट उठले. "झाला की. सगळ्या गावानं ऐकला."

तानूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मान डोलावली. मग माझ्याकडे, विंगेत, क्षणभर बघितलं. मी दिलेला शब्द मी पाळला होता. तो आता त्या स्वतः मोडणार होत्या.

"मी न्हाई ऐकला," त्या म्हणाल्या. "ह्या पाचजणी दचाकल्या, ते मला पायाला कळलं. मला दोनी कानांनी ऐकाय येत न्हाई, मुकादम. दोन वर्सं झाली. तुमी कालपत्तूर बोलला ते समदं मी तुमच्या व्हटावर वाचलं."

लेक जागेवरून उठून उभी राहिली होती. मुकादम बसायचं विसरले. मागच्या ओळीत जुबेदाने तोंडावर हात ठेवला.

"घरी बसवायचं असंल तर मंगळवारी बसवा, मग आपुन बोलू," तानूबाई म्हणाल्या आणि पाटणकरबाईंच्या वहीकडे वळल्या. "उद्या सकाळी मी कामावर येत न्हाई. कान तपासून घेतो."